दिवस की रात्र, या शंकेचे विशेषण

ओळखीतल्या एका निसर्गप्रेमी गृहस्थांनी गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझ्याकडे एक लहानसे काम सोपवले. गावाबाहेरच्या टेकडीवर जी पायवाट आहे, तिच्या कडेने लावायच्या माहितीफलकांचा इंग्रजी मजकूर त्यांना मराठीत करून हवा होता. एकूण सात फलक आणि प्रत्येकावर फार तर आठ ओळी, तेव्हा रविवारच्या सकाळी दोन कप चहात काम उरकेल अशा हिशेबाने मी बसले, आणि सशाच्या फलकापाशी येऊन जी अडकले ती जेवणवेळ टळून गेली तरी उठले नाही. मूळ मजकुरात सशाला ‘क्रेपस्क्युलर’ म्हटले होते. दिवसा हिंडणाऱ्याला दिनचर म्हणावे, रात्री हिंडणाऱ्याला निशाचर म्हणावे (निशाचर म्हटले की डोळ्यांसमोर घुबडाऐवजी रावणाचे नातेवाईक उभे राहतात, ती गोष्ट वेगळी), पण जो प्राणी दिवसभर गवतातल्या खळग्यात दबून बसतो आणि सूर्य मावळल्यानंतरच्या व उगवण्याआधीच्या अंधूक उजेडात चरायला बाहेर पडतो, त्याला एका शब्दात काय म्हणावे? ‘संधिप्रकाशविषयक’ हा शब्द मी लिहून पाहिला. ‘ससा हा संधिप्रकाशविषयक प्राणी आहे’ हे वाक्य मोठ्याने वाचल्यावर, असले काही ऐकून ससा खळग्यातून बाहेरच येणार नाही अशी माझी खात्री झाली.

हे विशेषण इंग्रजीतही रोजच्या बोलण्यातले नव्हे. सतराव्या शतकापासून ते त्या भाषेत आहे, पण अजूनही पाहुण्यासारखे ओसरीवरच बसलेले असते. प्राणिशास्त्राचे अभ्यासक, आभाळाची छायाचित्रे काढणारे आणि अधूनमधून एखादा कवी एवढेच त्याला आत बोलावतात. त्यात त्याचा आवाज अर्थाच्या अगदी उलट आहे. संध्याकाळच्या मऊ, विरघळत्या उजेडासाठी असा खडखडीत शब्द कोणी योजला असेल असे ऐकणाऱ्याला वाटत नाही. एखाद्या चिवट त्वचारोगाचे नाव वाटते. मी कोश उघडला तो केवळ पर्याय शोधण्यासाठी, पण मुळात ‘क्रेपुस्कुलुम’ हा लॅटिन शब्द दिसला, त्याच्यामागे ‘क्रेपेर’ हा आणखी जुना शब्द दिसला, आणि त्या ‘क्रेपेर’चा अर्थ वाचून ससा तिथेच राहिला.

‘क्रेपेर’ म्हणजे अंधूक, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शंकास्पद, ज्याचे काही निश्चित सांगता येत नाही असे. याचा सर्वांत जुना आणि सर्वांत गोड खुलासा मार्कुस तेरेंतिउस व्हारो या रोमन पंडिताने करून ठेवला आहे. इसवी सनापूर्वी 116 ते 27 असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या गृहस्थाने लॅटिन भाषेवर 25 भागांचा ग्रंथ लिहिला, त्यातले जेमतेम सहा भाग आज हाती आहेत, आणि सुदैवाने काळवेळेच्या शब्दांची चर्चा करणारा सहावा भाग त्यांत आहे. व्हारो म्हणतो की ‘क्रेपुस्कुलुम’ हा शब्द रोमनांनी शेजारच्या साबिनी लोकांकडून घेतला. त्यांच्या रेआते भागात त्याचा अर्थच मुळी ‘शंका’ असा होतो. कारण त्या वेळेला अजून दिवस आहे की रात्र झाली, हे अनेकांना नक्की सांगता येत नाही. व्हारो स्वतः त्याच रेआतेचा. म्हणजे राजधानीत मान मिळालेल्या एका विद्वानाने राजभाषेतल्या शब्दाचे मूळ सांगताना आपल्या गावाकडच्या बोलीची साक्ष काढली आहे. सांगलीकडचा किंवा मालवणकडचा एखादा जाणकार प्रमाण मराठीतल्या शब्दापाशी थांबून ‘आमच्याकडे याचा खरा अर्थ असा’ म्हणतो, तेव्हा त्याच्या स्वरात जो दबलेला अभिमान असतो तो मला त्या दोन ओळींत ऐकू आला.

तिथेच त्याने आणखी एक गोष्ट जाता जाता सांगितली आहे. आमितेर्नुम गावात अशा सांजवेळी जन्मलेल्यांना ‘क्रेपुस्कि’ म्हणत, जसे पहिल्या उजेडात जन्मलेल्यांना ‘लूकिउस’ म्हणत. लूकिउस हे नाव पुढे रोममध्ये घरोघर झाले. सकाळी जन्मलेल्याचे ‘मानिउस’ हेही टिकले. सांजवेळेचा क्रेपुस्कुस मात्र इतिहासात कुठे मोठ्या पदावर चढलेला दिसत नाही. आपल्याकडे संध्या हे नाव एका पिढीत आळीआळीला होते, उषा होत्या, रजनी होत्या, निशाही होत्या, आणि त्यांपैकी कोणाच्याही जन्मवेळेची चौकशी कोणी करत नसे. माझ्या वर्गातल्या तीन संध्यांपैकी एक भर दुपारी बारा वाजता जन्मली होती, हे तिच्याच आईने सांगितलेले मला आठवते.

शंका हा अर्थ फक्त उजेडापुरता नव्हता. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला कवी लुक्रेतिउस याने युद्धाला ‘क्रेपेर’ म्हटले आहे: ज्यात कोण जिंकेल याचा भरवसा नाही असे, दोन्ही बाजूंनी बरोबरीत आलेले युद्ध. ते वाचताना मला राहून राहून आपल्या नरसिंहाची आठवण झाली. हिरण्यकशिपूने वर मागून घेतला होता तो मोठा पक्का, वकिली डोक्याचा होता. दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. त्या साऱ्या पक्केपणात एकच भेग राहिली होती आणि ती म्हणजे नेमकी व्हारोची शंका. ज्या वेळेला दिवस म्हणावे की रात्र हे ठरत नाही, त्या वेळेला, ज्या उंबऱ्याला घर म्हणावे की बाहेर हे ठरत नाही, त्या उंबऱ्यावर त्याचा निकाल लागला. रेआतेच्या त्या पंडिताला ही गोष्ट कोणी सांगितली असती तर ‘क्रेपुस्कुलुम’च्या नोंदीत त्याने ती उदाहरण म्हणून आनंदाने घातली असती.

पण माझी अडचण तशीच होती, आणि ती सुटण्याऐवजी वाढवली दुसऱ्या एका रोमन गृहस्थाने. केन्सोरिनुस नावाच्या लेखकाने इसवी सन 238 मध्ये आपल्या आश्रयदात्याच्या वाढदिवसाची भेट म्हणून एक छोटेखानी पुस्तक लिहिले. जन्मदिवस, काळ, वर्षे, महिने असा त्याचा विषय असून, त्यात एके ठिकाणी अहोरात्रीच्या वेळांची नावे क्रमाने दिली आहेत. ती मी वाचू लागले, शेजारी मराठी शब्द लिहू लागले आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आले की शब्द कोशातून येतच नाहीत, ते आमच्या जुन्या स्वयंपाकघरातून येत आहेत. ‘क्रेपुस्कुलुम’नंतर जी वेळ येते तिला तो ‘दिवे लागल्यावरची’ म्हणतो आणि पूर्वीचे लोक तिला ‘पहिली मशाल’ म्हणत असेही सांगतो. ही तर आपली दिवेलागण. त्यानंतर ‘कोंकुबिउम’, म्हणजे सगळे अंथरुणावर पडतात ती वेळ. माझी आजी तिला निजानीज म्हणत असे, ‘निजानीज झाल्यावर कसली कडी वाजवतात’ अशा तक्रारीच्या सुरात. त्यानंतर ‘इंतेम्पेस्ता’, जिच्याविषयी व्हारोने एका जुन्या जाणकाराचे म्हणणे दिले आहे की या वेळेला कोणतेच काम करण्याची वेळ नसते. वेळ नसलेली वेळ. आपण अपरात्र म्हणतो, आणि ‘अशा अपरात्री कुठे निघालास’ या प्रश्नात ती सगळी व्याख्या येऊन जाते. मध्यरात्र उलटली की ‘गाल्लिकिनिउम’, कोंबडा आरवतो ती वेळ, आणि मग ‘कोंतिकिनिउम’, कोंबडे आरवून पुन्हा गप्प होतात ती वेळ. या शेवटच्यासाठी मला मराठी शब्द सापडला नाही आणि रोमनांचा हेवा वाटला. कोंबडा ओरडण्याची वेळ कोणालाही कळेल, पण तो गप्प बसल्याचे ऐकायला जागे पडून राहावे लागते. त्यानंतर ‘दिलुकुलुम’, उजेड फाकू लागतो ती वेळ, तिला मात्र आपल्याकडे शब्दांची रेलचेल आहे: पहाट, झुंजुमुंजू, तांबडे फुटणे, फटफटणे.

यात एक गंमत अशी की व्हारोच्या शंकेला मराठीने निराळीच छटा दिली आहे. संस्कृतातली ‘संध्या’ ही सांधा पाहणारी आहे; दोन गोष्टी जिथे जुळतात ती जागा, एवढेच ती सांगते, कसलाही विकार मनात येऊ देत नाही. मराठीची ‘कातरवेळ’ तशी नाही. ‘कातर’ म्हणजे भ्यालेला, व्याकूळ झालेला. म्हणजे लॅटिनमध्ये त्या वेळेला डोळ्यांना शंका येते आणि मराठीत ती शंका मनात उतरते. वासरू गोठ्यात आले की नाही, मुलगा घरी आला की नाही, गावाला गेलेल्या माणसाचे पत्र अजून कसे नाही, हे सगळे दुपारी तीन वाजता सुचत नाही. आई तिन्हीसांजेला झाडू देत नसे, कोणाला मीठ उसने देत नसे, पडून राहिलेल्या माणसाला हाक मारून उठवत असे, आणि या सगळ्याचे कारण विचारले तर ‘लक्ष्मी यायची वेळ आहे ग’ एवढेच सांगत असे. पण लक्ष्मी येण्याच्या वेळेला एवढे सावध कशासाठी राहायचे, हे तिने कधी सांगितले नाही. दारातून कोण आत येते आहे हे अंधूक उजेडात ओळखू येत नसेल, म्हणूनच बहुधा.

पहाटेच्या आणि संध्याकाळच्या उजेडाची मात्रा मोजायला गेले तर सारखीच भरेल. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश असताना पूर्वेला जितके दिसते तितकेच पश्चिमेलाही दिसते, आणि म्हणूनच इंग्रजी विशेषणाने दोन्ही वेळा एकाच पिशवीत घातल्या आहेत. मराठीत मात्र पहाटेला कोणी कातर म्हणत नाही. झुंजुमुंजू हा शब्द उच्चारून पाहावा. त्यात कुठे भीती नाही, उलट डोळे चोळत उठणाऱ्या पोराचा लाडिकपणा आहे. व्याकुळता उजेडाच्या मात्रेवर ठरत नसून तो कोणत्या दिशेने चालला आहे यावर ठरते, हे कोशकारांच्या आधी भाषेला कळलेले असावे.

अंशांचा विषय निघालाच आहे तर तो पुरता सांगते. सूर्य मावळून क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंतच्या वेळेत दिव्यावाचून बाहेरची कामे करता येतात. 12 अंशांपर्यंत समुद्रावर क्षितिजाची रेषा आणि तारे दोन्ही एकदम दिसतात, जे खलाशांना हवे असते. आणि 18 अंश खाली गेला की आभाळात सूर्याचा मागमूस उरत नाही. आपल्याकडे सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, त्यामुळे मुंबईत पहिले सहा अंश ओलांडायला त्याला साधारण 22 ते 24 मिनिटे पुरतात. लंडनला जूनमध्ये तो तिरका, रेंगाळत जातो. तिथे याच टप्प्याला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो आणि अठरावा अंश तर तो गाठतच नाही, म्हणजे रात्रभर पूर्ण काळोख होतच नाही. इतका लांबलचक सांजप्रकाश ज्यांच्या वाट्याला येतो त्यांनी त्याच्यासाठी पाच अक्षरी विशेषण उसने आणले यात नवल नाही. आपल्याकडे ते विशेषण उच्चारून होईपर्यंत अंधार पडतो.

या वेळेचे गणित करणाऱ्यांत एक माणूस असा आहे की त्याचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. पेद्रो नूनेश हा पोर्तुगालचा गणिती आणि राजाचा विश्वशास्त्रज्ञ. 1542 मध्ये लिस्बनमध्ये त्याने सांजप्रकाशावर लॅटिन ग्रंथ छापला आणि त्याच्या नावातच ‘क्रेपुस्कुलुम’चे अनेकवचन होते. कोणत्याही ठिकाणी वर्षातला सर्वांत आखूड सांजप्रकाश कोणत्या दिवशी असतो, हा प्रश्न त्याने त्यात सोडवला. सरळ विचार केला तर वाटते की सर्वांत लहान दिवसाला सर्वांत आखूड संध्याकाळ असावी. तसे नसते, ती दिवस-रात्र सारखे होण्याच्या सुमारास येते. पुढे दीडशे वर्षांनी बर्नुली बंधूंसारखे धुरंधर नव्या कलनगणिताची हत्यारे घेऊन याच प्रश्नाशी झटले, तेव्हा नूनेशने तो निव्वळ भूमितीच्या बळावर सोडवला होता याचे मोल कळते. अंश अचूक मोजल्याशिवाय हे काम होणारे नव्हते, म्हणून त्याच ग्रंथात त्याने अंशाचे बारीक भाग वाचण्याची युक्ती दिली: कोनमापकावर 44 जादा कमानी, प्रत्येकीचे निरनिराळ्या संख्येचे समान भाग. तिला त्याच्या लॅटिन नावावरून ‘नोनियस’ म्हणतात, आणि पुढे 1631 मध्ये फ्रान्सच्या पिएर व्हर्निएने त्याच हेतूने सुटसुटीत सरकती पट्टी काढली. अकरावीच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपरचा लघुतम माप काढताना माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. त्याचा पूर्वज संध्याकाळ मोजण्याच्या पुस्तकात जन्मला हे तेव्हा कोणी सांगितले असते तर निदान रडण्याला थोडी शोभा आली असती. या नूनेशची साधने घेऊन जुआंव द काश्त्रो 1538 मध्ये गोव्याला आला, वाटेत आणि मग गोव्याहून दीवपर्यंतच्या किनाऱ्यावर त्याने सूर्याचे, सावलीचे, होकायंत्राच्या सुईचे वेध घेतले, पुढे तोच पोर्तुगीज हिंदुस्थानचा कारभारी झाला आणि 1548 मध्ये गोव्यातच वारला. आपल्या कोकणच्या संध्याकाळी कोणी एवढ्या बारकाईने न्याहाळल्या असतील याची मला कल्पना नव्हती.

लॅटिनमध्ये संध्याकाळला दुसराही एक शब्द आहे, ‘वेस्पेर’, आणि त्याचा संसार अधिक मोठा आहे. गोव्यात फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये ‘वेस्पर’ गातात तो हाच. संध्याकाळी उडते म्हणून वटवाघळाला लॅटिनमध्ये ‘वेस्पेर्तिलिओ’ म्हणत. इटलीतल्या लोकांच्या तोंडी त्याचे घासून घासून ‘पिपिस्त्रेल्लो’ झाले. आणि मग शास्त्रज्ञांनी ते झिजलेले नाणे पुन्हा लॅटिन टांकसाळीत घालून ‘पिपिस्त्रेल्लुस’ ही प्रजाती पाडली. दिवेलागणीला आपल्या गॅलरीसमोर गिरक्या घेणाऱ्या ज्या चिमुकल्या वटवाघळांना पुष्कळ घरांत पाकोळ्या म्हणतात, त्यांतल्या कित्येक या प्रजातीतल्या आहेत. नावात इतकी संध्याकाळ भरलेली असूनही त्यांना दिवाणखान्यात शिरण्याची वेळ मात्र बरोबर कळते.

त्या रविवारी संध्याकाळी मी मुद्दाम दिवा न लावता मागच्या अंगणात बसले. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टिपलेली एक गोष्ट मला स्वतः पाहायची होती. उजेड ओसरू लागला की डोळ्यातली रंग ओळखणारी यंत्रणा थकू लागते आणि फक्त उजेड-अंधार जाणणारी दुसरी जागी होऊ लागते. या दुसरीला तांबडा जवळजवळ दिसतच नाही, हिरवा-निळा बरा दिसतो. दिवसभर अंगणावर राज्य करणारी लाल जास्वंद प्रथम विटकरी झाली, मग जांभळट, आणि मग पानांच्या राखी-हिरव्या घोळक्यात सरळ एक काळे भोक दिसू लागले, तर तिच्या शेजारचा एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेला गवती चहा उगाचच उजळल्यासारखा झाला. थोडा वेळ दोन्ही यंत्रणा अर्ध्यामुर्ध्या चालू असतात. दिवस की रात्र, हा व्हारोचा प्रश्न आभाळापुरता नसून डोळ्याच्या पडद्यावरही तसाच अनिर्णित असतो, हे मला त्या काळ्या जास्वंदीने दाखवले.

फलकावर मी शेवटी विशेषण वापरलेच नाही. ‘ससा दिवेलागणीला चरायला निघतो आणि झुंजुमुंजू होताना पुन्हा दिसतो’ असे लिहून दिले. गृहस्थांनी दोन दिवसांनी फोन करून अतिशय नम्रपणे शंका काढली: ‘ताई, टेकडीवर दिवे कुठे आहेत?’ मी म्हटले, टेकडीवर नाहीत, पण तिथून खालच्या गावातले दिसतात. त्यांनी वाद घातला नाही.

कार्तिकात फलक लागले तेव्हा ते बघायला मी गेले, आणि मुद्दाम उशिरा गेले. सशाचा फलक वाटेच्या तिसऱ्या वळणावर आहे. तिथे पोचेपर्यंत सूर्य मावळला होता, खाली गावात एकेक दिवा उमटत होता, आणि कुठून तरी रातव्याची चक-चक-चक सुरू झाली होती. वाळलेल्या गवतात, फलकापासून दहा-बारा पावलांवर, काहीतरी करड्या रंगाचे, दोन उभ्या कानांसारखे दिसत होते. मी बराच वेळ हललेही नाही. तेही हलले नाही.